मामांचा गहू काही पडेना

आपण स्वतः पेरलेलं पीक कधी एकदा आडवं होतंय याची डोळ्यांत तेल घालून वाट बघणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा आहे. बाकीच्या बायकांना कसे सरळ मामेसासरे मिळतात. ते लग्नात रुसतात, दिवाळीला साडी देतात, जेवणानंतर सुपारी कातरत राजकारणावर बोलतात आणि आपल्या घरी जातात. मला मिळाले ते मुलुंडच्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवर गहू पेरणारे, आणि वर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे. मी घाटकोपरला एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोक मला ‘दुखतंय’ किंवा ‘आता दुखत नाही’ एवढंच सांगतात आणि मला दोन्ही व्यवस्थित कळतं. मामांचं बोलणं मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला निम्मंच कळतं. ते निम्मं तरी बरोबर कळलंय का, हे विचारायला मामांकडे गेलं की येताना तेही हातचं जातं.

मामांचा सगळा जन्म तुलना करण्यात गेला. एक गोष्ट एकटी चांगली की वाईट हे त्यांना सांगताच येत नाही, शेजारी दुसरी लागते. घरी चहाला बोलवा, ते दोन कप मागतात, एक आल्याचा आणि एक बिनआल्याचा. एक घोट याचा, एक घोट त्याचा, आणि शेवटी, “सूनबाई, आल्याचा जास्त चांगला आहे असं म्हणता येईल, पण तो जास्त गरमही होता.” म्हणजे चहा आवडला की नाही? ते नाहीच कळत. एकदा त्यांनी वर्षभर डोक्याच्या एकाच बाजूला खोबरेल लावलं, केसगळतीवर तेलाचा परिणाम बघायला. वर्ष संपलं, एक बाजू खरोखर दाट दिसत होती आणि मामा आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. पण तेल कुठल्या बाजूला लावत होतो हेच त्यांना आठवेना! शेवटी मामी आतून उशी घेऊन आल्या आणि अभ्र्यावरचा तेलाचा डाग दाखवून म्हणाल्या, “हा बघा डाग. टक्कल पडलंय त्या बाजूचा आहे.” मामांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी एकाच डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुसरा तसाच ठेवला. डॉक्टरांनी हात जोडले, माझ्या नवऱ्याने हात जोडले, पण मामांचं म्हणणं एकच, “दोन्ही केले तर फरक कशाशी बघायचा?”

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, फूटपट्टी असते. बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराची, कुंडीतल्या प्रत्येक रोपाची उंची त्यांना तोंडपाठ. आणि उंचीबद्दल बोलताना ते हटकून विचारणार, “कुसळ धरून की कुसळ सोडून?” गव्हाच्या ओंबीला टोकदार केसांसारखी कुसळं असतात ना, ती मोजायची की नाही यावर म्हणे शास्त्रज्ञांत वाद व्हायचे. माझ्या नणंदेला स्थळ आलं तेव्हा मुलाची उंची ऐकून मामांनी भर बैठकीत मुलाच्या वडिलांना विचारलं, “केस धरून की केस सोडून?” स्थळ मोडलं नाही हे नशीब. मुलाने केस उभे विंचरलेले होते हे नंतर सगळ्यांनीच मान्य केलं.

मामा नोकरीला होते ते पिकांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत. शेतकऱ्यांना वाटायची मराठी माहितीपत्रकं ते लिहायचे. पिकाची वाढ कमीजास्त करणारी जी औषधं असतात, त्यांना मराठीत ‘संजीवक’ म्हणतात. आता संजीवक म्हटल्यावर तुमच्याआमच्यासारख्याला काय वाटेल? मेलेलं उठून बसेल, बसलेलं धावायला लागेल! पण गव्हावर मारायचं मामांचं संजीवक नेमकं उलटं. ते मारलं की गहू बुटका राहतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मामांचं काहीतरी चुकतंय.

“मामा, वाढ खुंटते त्याला संजीवक कसं म्हणायचं?”

“खुंटत नाही, आवरते. उंच गहू वाऱ्यापावसात लोळतो. लोळला की दाणा भरत नाही. बुटका राहिला की काडी जाड होते, गहू उभा राहतो, दाणा भरतो. म्हणजे उंची कमी, उत्पन्न जास्त.”

“म्हणजे संजीवकाने उत्पन्न वाढतं.”

“वाढत नाही. कमी होणार होतं ते होत नाही.”

“आणि गहू लोळणारच नसेल तर?”

एवढं विचारलं की मामा फूटपट्टी खिशातून काढायचे, पुन्हा खिशात घालायचे. मला वाटायचं, माझ्या अडाणी प्रश्नाचा राग आला. शिवाय लोळणे हा खरंच शास्त्रातला शब्द आहे हेही मला खरं वाटत नव्हतं. आमच्या घरात लोळणे म्हणजे रविवारी दुपारी माझा नवरा करतो ते, आणि त्यावर कुठलंच औषध निघालेलं नाही.

या शब्दाने आमच्या बिल्डिंगमध्ये भलतेच घोळ केले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना आपला मनीप्लांट खिडकीवरून फिरवून दारापर्यंत न्यायचा होता. मामांकडे संजीवकाची बाटली आहे एवढंच त्यांनी ऐकलं, आणि मामा झोपलेले असताना मामींकडून दोन झाकणं मागून नेली. मनीप्लांट जो जागच्या जागी रुसून बसला, तो आजतागायत पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलेला नाही. बाई भांडायला आल्या. मामांनी पट्टी लावून वेल मोजला आणि म्हणाले, “उत्तम! आता असाच दुसरा, औषध न घातलेला, आणा.” बाईंनी तेव्हापासून लिफ्टमध्ये मामांकडे पाठ करून उभं राहायचं व्रत घेतलं.

तर हे मामा निवृत्त झाले आणि गच्चीवर गहू पेरायला लागले. सुरमई-पापलेटच्या थर्माकोलच्या पेट्या मासळीबाजारात फुकट मिळतात, त्या आणल्या. माती भरली. आताचे गहू मुळातच बुटके असतात, त्यांना औषधाला कामच उरलेलं नाही, म्हणून कुठून कुठून खटपट करून जुन्या उंच जातीचं बी मिळवलं. दिवाळीनंतर पेरणी. निम्म्या पेट्यांवर ‘संजीवक’ लिहिलं, निम्म्यांवर ‘साधा’. भोवती कबुतरांसाठी बांबू रोवून जाळी लावली. पहिले काही आठवडे गव्हापेक्षा मांजरंच जास्त उगवली, कारण पेट्यांचा वास. पण पुढे खरंच गहू आला हो! येऊरच्या डोंगराकडून मुलुंडला जी काही चार दिवस थंडी येते, तेवढ्यावर आला. साधा गहू सरसर वाढला, संजीवकवाला त्याच्या कमरेशी ठेंगणाठुसका उभा राहिला. ओंब्या धरल्या तेव्हा मी दवाखान्यात जाताना मुद्दाम वर जाऊन बघायची. मुलुंडच्या गच्चीवर डिश अँटेना, पाण्याच्या टाक्या आणि मध्ये हिरवा गहू, मला उगाचच भरून यायचं.

आणि मग मामा तो पडायची वाट बघायला लागले. साधा गहू लोळला पाहिजे आणि संजीवकवाला उभा राहिला पाहिजे, तर प्रयोग पुरा. पण मुलुंडमध्ये वारा कुठून आणायचा? चारी बाजूंनी टॉवर. म्हणून मामांनी आपला जुना टेबल फॅन वर नेला, लिफ्टच्या खोलीतून वायर ओढली आणि रोज संध्याकाळी गव्हावर फॅन सोडून शेजारी झारीने पाऊस पाडत उभे राहायला लागले. आमचे सेक्रेटरी गुजराती, भला माणूस, पण गच्ची गळते या एका चिंतेने अर्धा झालेला. ते वर आले. “मामा, हे काय चालला हाय? सोसायटीच्या लाइटवर तुमी गव्हाला हवा घालते?”

“हवा नाही, वादळ,” मामा म्हणाले.

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, मी टाकीकडे. शेवटी ठरलं असं की होळी झाली की गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होणार, त्याआधी गहू उचलायचा. पुन्हा पेट्या ठेवायला परवानगी नाही. म्हणजे मामांना हा एकच गहू होता.

आता मामींबद्दल सांगायला हवं. मामी मामांपेक्षा चांगल्या वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत मामा पाटावर उभे आहेत आणि धोतराने पाट झाकलाय. मामांच्या मते अंबाडा सोडून मोजलं तर दोघं सारखेच आहेत. मामी कुडाळकडच्या, शेतकऱ्याघरच्या. एरवी तुमच्याआमच्यासारखंच बोलतात, पण जीव गुंतला की तोंडून मालवणी निघते. फावल्या वेळात मोत्यांची तोरणं ओवतात. आणि त्यांची एक सवय सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मामा जिना चढायला-उतरायला लागले की मामी एक पायरी मागे राहतात आणि त्यांच्या पाठीशी हात धरतात. हात टेकवत नाहीत, नुसता धरतात. मामांना ते जाणवतं आणि ते मान न वळवता करवादतात, “मी काय पडतोय काय?” मामी हात काढत नाहीत आणि उत्तरही देत नाहीत.

रोज सकाळी मामा गच्चीवर जायचे, खाली यायचे, खुर्चीत बसून मोठ्ठा श्वास सोडायचे आणि म्हणायचे, “नाही पडला.” मामी त्यांच्यापुढे दोन कप चहा ठेवायच्या. रोज. माघ संपत आला, ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या, आणि गहू काही पडेना. मामांचा चेहरा उतरत चालला. मला वाटायचं, जाऊ दे ना, नाही पडला तर नाही पडला, चार पोळ्या होतील, एवढं काय!

एका रविवारी ते आमच्याकडे आले. नवरा लोळत होता, मी भाजी निवडत होते. चहा नको म्हणाले, एकही नको. तेव्हाच मी चरकले.

“सूनबाई, मला नाशिकच्या गाडीचं तिकीट काढून दे. होळीनंतरचं. एकट्याचं. आणि मामीला एवढ्यात बोलू नकोस.”

मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी, ते नोकरीत असताना, निफाडकडचे एक बागाईतदार त्यांच्या ऑफिसात आले होते. कडक इस्त्रीची टोपी, हातात मुळासकट उपटलेला गव्हाचा बुटका झुपका. मामांचं माहितीपत्रक वाचून, संजीवक म्हणजे गहू जोमाने वाढेल असं समजून त्यांनी सगळ्या शेतावर फवारलं होतं. शेजाऱ्यांचा गहू छातीला लागत होता, यांचा गुडघ्याच्या वर येईना. गाव हसत होतं. मामांनी त्यांना नीट समजावलं, की अहो, तुमचा गहू पडला नाही ना, तोच फायदा. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, तो पडणार होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?” आणि झुपका टेबलावर ठेवून निघून गेले. त्या वर्षी निफाडात वादळ आलंच नाही. शेजाऱ्यांचा उंच गहूही उभाच राहिला.

“इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की हे मारा, नाहीतर पडेल,” मामा म्हणाले. “पडणार होता की नव्हता, मला काय माहीत? मी खरं सांगत होतो की थापा मारत होतो, तेवढं मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. साधा गहू पडला तर मी खरा. नाही पडला तर जाऊन त्यांना सांगतो, की तुमचं बरोबर होतं, मी नुसता शब्द विकला.”

माझ्या हातात गवारीची शेंग तशीच राहिली. हसण्यावारी नेलेली ती फूटपट्टी, तो फॅन, ती झारी, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. इतक्या वर्षांनी, या वयात, हा माणूस एकटा नाशिकला जाऊन एका अनोळखी म्हाताऱ्यासमोर मान खाली घालणार? मला रडू आलं आणि गव्हाचा भयंकर राग आला. पड ना मेल्या एकदाचा!

पुढच्या रविवारी मी सांडगे वाळत घालायला गच्चीवर गेले. भर दुपार, मामांची झोपायची वेळ. गव्हाजवळून जाताना माझी ओढणी कशात तरी अडकली. सोडवायला वाकले तर बोटाला काहीतरी बारीक, ताणलेलं लागलं. तंगूस! मासे धरायला वापरतात ना, तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. नीट बघितलं. ‘साधा’ लिहिलेल्या प्रत्येक पेटीतल्या गव्हाच्या झुपक्याला मधोमध तंगुसाचा फास होता आणि त्याचं दुसरं टोक जाळीच्या बांबूला बांधलेलं होतं. गहू पडणार कसा? तो टांगलेला होता! आणि मामांच्या एका बिघडलेल्या आणि एका बऱ्या डोळ्याला तो दोरा दिसण्याची शक्यता नव्हती. मी अजून थक्क होऊन उभी आहे तोवर जिन्यातून मामी आल्या. कमरेला तोरणं ओवायच्या तंगुसाचं रीळ खोचलेलं.

“मामी, हे तुम्ही?”

“मग काय करणार?” मामी शांतपणे बसल्या आणि एक सैल झालेली गाठ आवळायला लागल्या. “फॅन लावून लावून तो रोज वाकतो. मी रोज दुपारी येऊन उभा करते. बाबांचं कापणीला आलेलं भात एकदा परतीच्या पावसात सगळं झोपलं होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. आणि ह्यांचा केवढा जीव गुंतलाय बघतेस ना तू? रोज सकाळी खाली येतत, नि हुश्श करून सांगतत, ‘नाही पडला.’ माका वाटता, चला, आजचो दिवस गेलो.”

मला हसावं की ओरडावं कळेना. “अहो मामी, ते हुश्श नाहीये! तो सुस्कारा आहे! त्यांना पडायला हवाय गहू!”

मामींच्या हातातलं रीळ थांबलं. “कोणाक हवाय?”

“मामांना!”

“पिकाक पडूक व्हया? खुळावले काय हे?”

मग मी मामांना दिलेला शब्द मोडला आणि निफाडपासून तिकिटापर्यंत सगळं सांगितलं. मामी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून ऐकत होत्या. “एवढा मनात होता, तर माका नाय सांगलान?” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं त्या चिडल्या. चिडल्या नव्हत्या बहुतेक, पण तेव्हा मला काहीच धड कळत नव्हतं. मग त्या खाली गेल्या, कात्री घेऊन वर आल्या आणि एकेक गाठ कापत सुटल्या. कापताना तोंड दुसरीकडे. “आडवा पीक माका बघवणा नाय,” म्हणाल्या आणि शेवटची गाठ कापून लगेच निघून गेल्या.

संध्याकाळी मी मुद्दाम लवकर चहा टाकून जिन्याकडे कान लावून बसले. वर फॅन सुरू झाल्याची घरघर आली. आणि थोड्याच वेळात जिन्यातून मामांचा असा आवाज आला की मी लग्नापासून ऐकला नव्हता.

“पडला! अगं, पडला! पडलाऽऽ!”

एका क्षणात सगळी दारं उघडली. “यार, मामा पडले!” करून माझा नवरा अर्ध्या चड्डीवर मलमाची ट्यूब घेऊन धावला. पहिल्या मजल्यावरच्या बाई व्रत विसरून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. वॉचमनने फाटकात रिक्षा थांबवून धरली. सेक्रेटरी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धापा टाकत वर आले, आणि बघतात तर मामा गच्चीच्या दारात ताठ उभे, डोळ्यांत पाणी, हातात पट्टी.

“मामा, तुमी तर उभा हाय! मग पडला कोन?”

“सगळा!” मामा म्हणाले.

“सगळा म्हंजे? हात, पाय?”

“मुळापासून!”

बाईंनी घाबरून तांब्यातलं पाणी मामांच्या तोंडावर मारलं. मग हळूहळू उलगडा झाला. साध्या पेट्यांतला सगळा गहू आडवा झाला होता आणि संजीवकवाले बुटके फॅनसमोर छाती काढून उभे होते. सेक्रेटरी खाली जाताना मला हळूच म्हणाले, “बेन, पीक खराब झाला तर हा माणूस खूस का होते?” मी म्हटलं, मला विचारू नका हो, मी लग्न होऊन आलेय.

पण मामा मापं घ्यायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. सूर्य टॉवरच्या फटीतून आला होता, आणि त्या तिरप्या उजेडात त्यांच्या बऱ्या डोळ्याला गव्हात काहीतरी चमकलं. कापलेल्या तंगुसाची टोकं. त्यांनी एक टोक उचललं. “हे काय?”

“माझा तंगूस,” जिन्याच्या दारातून मामी म्हणाल्या. त्या केव्हा आल्या मला कळलंच नाही. मग त्यांनी सरळ सगळं सांगितलं, काही न लपवता, कापल्याचंसुद्धा.

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एकाच चेहऱ्यावर सगळं चाललं होतं. “म्हणजे तो पडत होता?”

“रोज.”

“रोज पडत होता! म्हणजे पडणारच होता!” मामा उडालेच. दुसऱ्या क्षणी खांदे पडले. “पण तू तर तो पडू दिला नाहीस. मग प्रयोगाची वाट लागली की.” पुन्हा उजळले, “पण पडणार होता!” पुन्हा मावळले, “पण आता पडून उपयोग काय? दाणा भरून झालाय. दाणा कोवळा, दुधात असताना पडला असता तर फरक दिसला असता.” ते खाटेवर बसावं तसे उलट्या बादलीवर बसले आणि विचार करकरून त्यांच्या कपाळावर गहू पेरावा इतक्या आठ्या झाल्या.

होळीच्या आधी आम्ही सगळा गहू कापला, झोडपला, सुपाने पाखडला आणि मामींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. दोन्ही जवळजवळ सारखे भरले. उलट, बांधलेला साधा गहू मूठभर जास्तच! मामांचं तोंड पांढरं पडलं. “म्हणजे संजीवकाची गरजच नव्हती. नुसतं बांधलं असतं तरी चाललं असतं. त्यांचंच बरोबर होतं.”

मामी भांड्यातून मान वर करून म्हणाल्या, “ह्यो चार पेट्यो बांधताना माझी कंबर मोडली. एकरभर शेत कोण बांधतलो?”

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. “काय म्हणालीस?”

“त्या निफाडच्या माणसाकडे होती काय कोण, रोज दुपारी येऊन गहू उभो करणारी?”

मामांनी खिशातून पट्टी काढली, पुन्हा खिशात घातली, आणि मग एकदम लहान मुलासारखे हसले. “म्हणजे संजीवक ज्यांच्याकडे तू नाहीस त्यांच्यासाठी! म्हणजे मी थापा नव्हतो मारत!” मग माझ्याकडे वळले, “सूनबाई, दोन तिकिटं काढ.” गव्हाचं म्हणाल तर गिरणीवाल्याने दोन्ही पिशव्या एकत्रच दळल्या. मामींनी पोळ्या केल्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, आणि कुठली पोळी उंच गव्हाची, कुठली बुटक्याची, हे कोणालाच, मामांनाही, सांगता आलं नाही. दोन घास खाऊन मामा म्हणाले, “एक साधी पोळी मिळेल का, बाजारच्या पिठाची? तुलनेला?”

नाशिकहून ते परत आले त्या दिवशी लिफ्ट बंद होती. दोघं जिन्याने चढत आले आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारात दम खायला थांबले. “भेटले?” मी विचारलं.

“भेटले. चांगले ठणठणीत आहेत.” मामा पाणी प्यायले. “त्यांना काहीच आठवत नाही, सूनबाई. मी म्हटलं, तुम्ही असं असं विचारलं होतंत. ते म्हणाले, मी विचारलं होतं? बरं विचारलं की! आता गहू नाहीच त्यांच्याकडे, सगळी द्राक्षं. आणि द्राक्षाला काय देतात माहितेय? संजीवक. मणी मोठे व्हायला. तेच नाव, काम उलटं.” ते हसले. मीही हसले, पण माझं मन कसंसंच झालं. ज्या प्रश्नाने या माणसाची इतकी वर्षं झोप घालवली, तो विचारणारा कधीच विसरून गेला होता. वर गच्चीला आता कुलूप आहे. वॉटरप्रूफिंगच्या पांढऱ्या थरावर पेट्यांच्या खुणासुद्धा राहिलेल्या नाहीत.

मामा पुढे चढायला लागले. एक पायरी मागे मामी, आणि मामींचा तो हात, पाठीशी धरलेला, न टेकलेला. मी वाट बघत होते की आता मामा करवादणार. पण चार पायऱ्या गेल्या आणि ते थांबले. मान वळवली नाही.

“काय गं,” ते म्हणाले, “मी पडणार होतो हे तुला कोणी सांगितलं?”

“पडलात?” मामींनी विचारलं.

“नाही.”

“मगे चला.”

मामा जरासे मागे रेलले, त्या हातावर, आणि दोघं वर गेले. मी दार उघडं ठेवून पावलं ऐकत उभी राहिले. आतून माझा नवरा विचारत होता की काय झालं, आणि मला ते धड सांगता येईना.